रोखीचं गिऱ्हाईक

महिन्याचा पहिला रविवार. नाशिक असो, कोल्हापूर असो की अमरावती, डी-मार्टच्या बाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. आत ट्रॉलीला ट्रॉली लागलेली असते. दहा किलो पीठ, पाच लिटरचा तेलाचा कॅन, डाळी, साबणाच्या चार-चार वड्यांचे गठ्ठे, वर एखादी प्लॅस्टिकची बादली आणि मुलानं हट्टानं घेतलेली बिस्किटं. नवरा ट्रॉली ढकलतो, बायको पाकिटावरची तारीख वाचून दोन ब्रँडचे दर ताडून पाहते. बिलाच्या तळाशी एमआरपीपेक्षा किती रुपये वाचले तो आकडा छापलेला असतो. बाहेर पडताना बहुतेकांची नजर आधी त्या आकड्यावर जाते.

ही बचत खरी आहे. महागाईत महिना काढणाऱ्या घराला पाचशे-सातशे रुपये वाचणं म्हणजे मुलाच्या क्लासच्या फीला हातभार. तिथे जाणाऱ्यांना कुणी अपराधी वाटायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रश्न आहे तो त्या रांगेत नसलेल्या माणसाचा. ही स्वस्ताई कुणाच्या वाट्याला येते आणि जो उरतो त्याच्या वाट्याला काय येतं, याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही.

स्वस्ताई कशी तयार होते हे आधी पाहायला हवं. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापायची सक्ती आपल्याकडे 1990 पासूनची. त्या किमतीच्या वर कुणी विकू शकत नाही, खाली मात्र कितीही यावं. पाकीटबंद मालावर किरकोळ दुकानदाराला साधारण आठ-दहा टक्के सुटतात. त्यातूनच त्याला भाडं, वीज, पोऱ्याचा पगार आणि घरखर्च भागवायचा असतो, म्हणून तो एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे सूट देऊ शकत नाही. डी-मार्टनं हा हिशेबच वेगळा बांधला. बहुतेक दुकानांची जागा स्वतःच्या मालकीची, त्यामुळे भाड्याचा बोजा नाही. माल ठोक घ्यायचा आणि पुरवठादाराला आठवडाभराच्या आसपास पैसे मोकळे करायचे, त्या बदल्यात दर खाली आणायचा. दुकानात झगमगाट नाही आणि जो माल भराभर खपतो तोच फळीवर. यात लबाडी काहीच नाही. शेअर बाजारात मुरलेल्या राधाकिशन दमाणी यांनी 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. मार्च 2017 मध्ये कंपनी बाजारात नोंदली गेली आणि मार्च 2025 अखेर दुकानांची संख्या 415 झाली. त्यांतली सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत.

या कथेचा एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. पवईच्या आधी, 1999 च्या सुमारास, दमाणी यांनी नवी मुंबईत नेरूळला ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून पाहिली होती. अपना बाजार म्हणजे 1948 मध्ये नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत उभी राहिलेली ग्राहकांची सहकारी संस्था. रास्त भाव, चोख वजन, शुद्ध माल यासाठी कामगारांनी स्वतः घातलेलं दुकान. दमाणींना तो नमुना धंदा म्हणून पटला नाही, त्यांनी आपला वेगळा काढला. पण मोठ्या प्रमाणावर माल घेऊन साध्या माणसाला स्वस्त द्यायचा, हे मुंबईच्या कामगारांनी त्याआधी पन्नास वर्षं करून दाखवलं होतं, हे विसरता येत नाही. तिथे उरलेल्या नफ्याचे मालक गिऱ्हाईकच होते. आज स्वस्त माल मिळतो, पण दर कोण ठरवणार, दुकान कुठे निघणार, कुठला माल फळीवर राहणार, यात गिऱ्हाइकाला काडीचाही शब्द नाही.

आता रांगेत नसलेल्या माणसाकडे येतो. आमच्या सिडकोत, नाशिकला, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जाणारी पुष्कळ कुटुंबं आहेत. पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो, ओव्हरटाइम मिळाला तर चार पैसे जास्त, काम नसलं तर घरी. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांची खाती असतात. तिथली लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही मी निवांत चाळली आहे. एका पानावर एका घराचा महिना दिसतो. तेल पाव. साखर अर्धा. चहापत्ती दहाची. काडेपेटी एक. मग दोन दिवस काहीच नाही. मग पुन्हा तेल पाव, तांदूळ एक, गूळ छटाक. महिन्याच्या अखेरीस नोंदी लहान लहान होत जातात आणि पगाराच्या आदल्या दिवशी नुसती दहाची चहापत्ती उरते. दहा तारखेला पानावर आडवी रेघ आणि ‘जमा’. कधी पूर्ण, कधी निम्मे.

पाच लिटरच्या कॅनवरची सूट या घराच्या उपयोगाची नाही, कारण कॅन घेण्याइतके पैसे एका दिवशी हातात नसतात. स्वस्त माल मिळतो तो रोख आणि ठोक घेणाऱ्याला. ज्याला रोज पावशेरच घेता येतं, त्याला तोच जिन्नस महाग पडतो. गरिबाला गरिबी महाग पडते हे जुनंच आहे. आत्ताआत्तापर्यंत त्या महागाईला एक आधार होता, तो म्हणजे खातं. आणि हे खातं कुणाच्या जिवावर चालत होतं, ते आपल्या लक्षातच आलं नाही.

ते माझ्यासारख्यांच्या जिवावर चालत होतं. पगारदार मध्यमवर्गीय घर महिन्याची यादी द्यायचं, पोऱ्या सामान घरपोच आणायचा, पैसे रोख किंवा दोन दिवसांत. त्या रोख पैशातून दुकानदार वितरकाचं देणं भागवायचा आणि उरलेल्या भांडवलावर दुसऱ्यांची उधारी सांभाळायचा. एकाच दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं असायची आणि त्यांना एकमेकांचं नावही माहीत नसताना एकाच्या रोखीवर दुसऱ्याचा महिना निघायचा. ही काही दानधर्माची व्यवस्था नव्हती. दुकानदार नफ्यासाठीच बसला होता. पण परिणाम तो असा होता.

आता रोखीचं गिऱ्हाईक रविवारी ट्रॉली घेऊन दुसरीकडे गेलं. कोपऱ्यावरच्या दुकानात ते येतं दूध, पाव, कोथिंबीर, ऐनवेळी संपलेलं मीठ घ्यायला. त्या दुकानदारानं मला एकदा सरळ सांगितलं, “रोखीचं गेलं साहेब, उधारीचं राहिलं. वितरक मात्र आठव्या दिवशी दारात उभा असतो.” गणित साधं आहे. दहा टक्के नफ्यावर दोन हजारांची उधारी बुडाली, तर ती भरून काढायला वीस हजारांचा माल विकावा लागतो. रोख विक्री घटली की हा धोका पेलवत नाही. मग दुकानदार आधी नव्या माणसाचं खातं उघडायचं थांबवतो, पुढे जुन्यांची मर्यादा कमी करतो आणि शेवटी गल्ल्यावर पाटी लागते, ‘कृपया उधार मागू नये’. डी-मार्टमध्ये वाचलेल्या पाचशे रुपयांची किंमत ही अशी तिसऱ्याच घरात चुकती होते. त्या घरानं ना डी-मार्ट पाहिलेलं असतं, ना त्याला ही देवाणघेवाण ठाऊक असते.

म्हणून जुनं सगळं चांगलं होतं असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याला साथ देणार नाही. उधारीची दुसरी बाजू मुंबईच्या गिरणगावात नागडी दिसली होती. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून महिनाभर उधार किराणा उचलत. वाणी देईल तो माल, लावेल तो भाव आणि वर व्याज. कामगारांचे पैसे आले की वाण्याला जात आणि पुन्हा नवी उधारी सुरू. त्या बायकांचा जीव या फेऱ्यातून सोडवला प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात गोळी झेललेल्या या बाईंनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हातात रोख पैसे आले तेव्हा त्या बायका कुठल्या दुकानातून काय भावानं घ्यायचं हे पहिल्यांदा स्वतः ठरवू लागल्या.

आणि मधला तो लाकडी गल्लाही आठवायला हवा. माल त्याच्या मागे, गिऱ्हाईक त्याच्या पुढे. वाणी काढून देईल ते घ्यायचं, तांदूळ बोटांत धरून पाहिला तर कपाळाला आठ्या. कितीतरी गावांत दलित बाईला पायरीखाली उभं राहावं लागे आणि पुडी वरून टाकली जाई. मोठ्या दुकानात कुणीही आत शिरतं, वस्तू हातात घेतं, तारीख वाचतं, परत ठेवतं. कोणी जात विचारत नाही, कुणी बाईला ‘लवकर सांगा’ म्हणून हिडीसफिडीस करत नाही. या मोकळेपणाचं मोल पैशांत करता येत नाही. डी-मार्टवर टीका करणारे बहुतेक लेख हा मुद्दा गाळतात, आणि बहुधा म्हणूनच तिथे जाणाऱ्या बाईला ते लेख पटत नाहीत.

आपल्याकडची जाहीर चर्चा भलत्याच दिशेला गेली. नोव्हेंबर 2011 मध्ये केंद्र सरकारनं बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय गुंतवणुकीचा निर्णय घेतला, विरोधामुळे तो थांबवला आणि सप्टेंबर 2012 मध्ये पुन्हा मंजूर केला. देशभर मोर्चे निघाले, बंद झाले. सगळी भीती वॉलमार्टची. विदेशी दुकान आलं की किराणावाला मरेल, असा सूर होता. तोवर देशी साखळी पवईतून निघून दहा वर्षं झाली होती आणि वॉलमार्ट जे करतं तेच शांतपणे करत होती. भांडवल देशी की विदेशी याला उधारीच्या वहीच्या लेखी काही अर्थ नाही. पुढे जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा रोखला, कारण ठोक विक्री करणाऱ्या बड्या कंपन्यांना तोच माल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतो अशी त्यांची तक्रार होती. हे भांडण व्यापाऱ्यांचं आपापसातलं होतं. पाव लिटर तेल घेणाऱ्याची बाजू त्यातही कुणी मांडली नाही.

मग करायचं काय? सरकारनं मोठी दुकानं बंद करावीत या मागणीला काही अर्थ नाही. लोकांना ती हवी आहेत आणि त्यांचं हवं असणं योग्य आहे. मला दुसरीच वाट दिसते आणि ती आपल्याच अंगणातली आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हे काम करते आहे. बिंदुमाधव जोशी यांनी ती सुरू केली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, पैसे आधी भरायचे, पंचायतीनं ठोक खरेदी करून माल संघापर्यंत पोचवायचा आणि सभासदांनी, मुख्यतः बायकांनीच, तो आपसांत वाटून घ्यायचा. जाहिरात नाही, शोरूम नाही, मालक नाही. हजारो कुटुंबांनी वर्षानुवर्षं असा किराणा भरला. फक्त त्यातही पैसे आधी भरावे लागतात, त्यामुळे पावशेरवाला माणूस तिथेही बाहेरच राहतो.

ती उणीव भरून काढण्याची ताकद आज बचत गटांकडे आहे. माविम आणि उमेद या सरकारी यंत्रणांच्या छत्राखाली महाराष्ट्रात गावोगाव, वस्तीवस्तीत गट उभे आहेत. पापड, लोणची, मसाले करून प्रदर्शनात विकण्याचं शिक्षण आपण त्यांना भरपूर दिलं. एकत्र खरेदी करायचं शिक्षण मात्र दिलं नाही. गटात पैसा असतो, अंतर्गत कर्जाचा नियम असतो, परतफेडीचा अनुभव असतो आणि कोणत्या घरात कुठल्या आठवड्यात पैसे नसतात हे गटातल्या बाईला वाण्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. वीस बायकांनी मिळून तेलाचे डबे आणि डाळीची पोती ठोक घेतली, प्रत्येकीनं गरजेइतकं उचललं आणि पगार झाल्यावर गटाच्या खात्यात भरलं, तर ठोकाचा भाव आणि उधारीची सोय या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतील. यात हिशेबाची कटकट आहे, माल साठवायला जागा लागेल, भांडणंही होतील. पण प्रेमाताईंच्या खानावळवाल्यांपुढे यापेक्षा मोठ्या अडचणी होत्या. जिल्हा बँका आणि पतसंस्था गटांना म्हैस घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला कर्ज देतात. त्यांनी किराण्यासाठी दोन महिन्यांचं खेळतं भांडवल दिलं, तर एवढ्यानंही सुरुवात होईल.

आणि तुमच्याकडे, म्हणजे जो रविवारी ट्रॉली ढकलतो त्याच्याकडे, एक मागणं आहे. डी-मार्टला जरूर जा, बचत जरूर करा. फक्त यादीतल्या दोन-चार मोठ्या वस्तू, तांदूळ म्हणा, साखर म्हणा, तूरडाळ म्हणा, दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या आणि पैसे तिथल्या तिथे द्या. ऑनलाइन दिले तरी चालतील, पण उधार ठेवू नका. त्या दुकानात रोख येत राहिली, तरच तिथली वही उघडी राहील.