तेजीमंदीचा नीतिधर्म

व्यापारातील तेजीमंदी पर्जन्यासारखी आहे, ती कोणाच्या हाती नाही, असे म्हणून तिचा विचार नीतीच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा आपला प्रघात आहे. पाऊस कोणी पाडीत नाही हे खरे. परंतु गळक्या छपराखाली कोणी निजावे, हे माणसेच ठरवितात.

मुंबईच्या कापडधंद्याचेच उदाहरण घ्यावे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांनी भागधारकांना भरघोस नफा वाटला. कामगारांच्या हातीही सालअखेर सुमारे महिन्याच्या पगाराइतका बोनस पडू लागला. बाजार उतरताच १९२३ सालचा बोनस नाकारण्यात आला, आणि १९२४ च्या प्रारंभी मोठा संप झाला. सरकारने नेमलेल्या समितीने निर्णय दिला की, या बोनसवर कामगारांचा हक्क कायद्याने, रूढीने वा न्यायबुद्धीनेही सिद्ध होत नाही. तेजीतील वाटा ही केवळ कृपा ठरली. परंतु १९२५ मध्ये मंदीचे कारण सांगून मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. लाभात ज्याला हक्क नाही, तो तोट्यात मात्र वाटेकरी! पुन्हा संप झाला. सरकारने कापडावरील जकात तहकूब केली, तेव्हा कोठे ती कपात मागे घेण्यात आली.

भांडवल घालणारा धोका पत्करतो, म्हणून नफा त्याचा, असे यावर म्हटले जाते. हा युक्तिवाद क्षुल्लक नव्हे. परंतु भागधारकाचा धोका त्याने गुंतविलेल्या रकमेपाशी संपतो; कामगाराचा धोका त्याच्या चुलीपर्यंत पोहोचतो. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला माणूस काम सुटले की गावी परते, आणि त्याच्या पोटाचा भार घरच्या तुटपुंज्या शेतीवर पडे. मुंबईच्या मंदीचा खर्च असा कोकणातील नाचणीने भरून काढला. गिरणीच्या जमाखर्चात मात्र त्याची नोंद कोठेच नाही.

पुढे १९६५ च्या कायद्याने तोट्याच्या वर्षीही किमान बोनस बंधनकारक केला. कालची कृपा आज हक्क ठरली, याचा अर्थ एवढाच की, ती मुळात कृपा नव्हतीच. तथापि प्रश्न मिटला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; यंत्रे थंडावली, पण त्यांखालच्या जमिनीचे मोल गगनास भिडले, आणि या नव्या तेजीत कामगाराचा वाटा कोणता, हा जुनाच वाद पुन्हा उभा राहिला.

जो संकटात भागीदार गणला जातो, त्याला सुकाळी परका म्हणता येत नाही. तेजी कोणाच्या हाती नसेल. वाटणी मात्र आपल्याच हाती आहे.