वापरणाऱ्याचे लक्ष आणि देणाऱ्याचा अधिकार

स्वयंसेवी सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली अनेकांनी बहुतांशी विनामोबदला लिहिलेली असते आणि जे वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व पुढे वाटण्याची मोकळीक परवान्यानेच सर्वांना दिलेली असते असे सॉफ्टवेअर, ज्या संकेतस्थळावरून लोकांपर्यंत पोहोचते त्या स्थळावर जाहिराती घ्याव्यात की नाही, हा प्रश्न सामान्यतः हिशेबाचा म्हणून मांडला जातो. सर्व्हरचे भाडे भरावे लागते, देणग्या पुरत नाहीत आणि ज्या पानावर लोकांची सतत ये-जा असते त्या पानाचा एक कोपरा विकत घ्यायला कोणीतरी तयार असते. प्रश्न एवढाच असता तर तो खजिनदारावर सोपवून मोकळे होता आले असते. प्रत्यक्षात या प्रश्नावरून माणसे दुरावली आहेत. २००२ च्या फेब्रुवारीत स्पॅनिश विकिपीडियाच्या लेखकांचा एक गट बाहेर पडला आणि त्याने सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ हा स्वतंत्र ज्ञानकोश उभा केला, तेव्हा विकिपीडियावर जाहिरात नव्हती. ती पुढेमागे येऊ शकेल अशी नुसती शक्यता बोलून दाखवली जाणे हे त्या फुटीचे एक मोठे कारण ठरले. तो ज्ञानकोश होता, सॉफ्टवेअर नव्हे, पण त्यामागच्या श्रमाची जात तीच होती. जी गोष्ट अजून घडलेलीच नाही तिच्यासाठी माणसे आपले काम सोडून निघून जातात, तेव्हा वाद पैशाच्या रकमेवरून चाललेला नसतो.

या वादात दोन ठरीव बाजू ऐकू येतात. एक म्हणते, पैसा शिरला की सेवेचे पावित्र्य गेले. दुसरी म्हणते, पैशाला रंग नसतो, त्याचा विनियोग चांगला झाला म्हणजे पुरे. दोन्ही बाजू पैशाच्या गुणधर्माबद्दल बोलतात आणि त्यामुळेच मूळ मुद्द्याच्या शेजारून निघून जातात. पैसा न स्वीकारण्याचे व्रत घेतलेल्या समूहाने पैशाशी कसे वागावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे, आणि त्याचा ऊहापोह तिथे या दोन्ही बाजूंपेक्षा अधिक बारकाईने झालेला दिसतो.

बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकात सोने-रुपे स्वीकारण्यास मनाई आहे. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी वैशालीतील वज्जिपुत्तक भिक्षूंनी, त्याच ग्रंथातील कथेप्रमाणे, उपोसथाच्या, म्हणजे पाक्षिक व्रताच्या, दिवशी पाण्याने भरलेले धातूचे पात्र संघाच्या मध्यभागी ठेवले आणि दर्शनाला आलेल्या उपासकांना त्यात संघासाठी नाणी टाकण्यास सांगितले. यश नावाच्या भिक्षूने उपासकांना तसे करू नका म्हणून बजावले; तरीही नाणी पडली, ती वाटून घेतली गेली आणि यशाचा वाटा त्याच्यापुढे करण्यात आला, तो त्याने नाकारला. पुढे ७०० भिक्षूंच्या संगीतीने, म्हणजे धर्मसभेने, ही प्रथा इतर नऊ प्रथांसह नियमबाह्य ठरवली. मात्र त्याच विनयात ‘कप्पियकारक’ नावाच्या गृहस्थाची सोय आहे, जो दात्याकडून आलेले द्रव्य स्वतःकडे ठेवतो आणि भिक्षूला लागणारे वस्त्र वा वस्तू त्यातून पुरवतो. द्रव्याची गरज संघाने नाकारली नव्हती. द्रव्य आणि भिक्षू यांच्यामध्ये एक माणूस उभा केला होता.

या व्यवस्थेचे दगडात कोरलेले रूप नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत आजही वाचता येते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत येथील लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ व्याज वापरायचे असा कायम निधी, स्थापन केला. त्यातले २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा १ या दराने ठेवले आणि उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामात, तेथे राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, मिळायचे, आणि वर्षाचे २४० कार्षापण व्याज या वाटणीत बरोबर संपते. मुद्दलाला भिक्षूंचा हात लागत नाही, दात्याला ते परत मागता येत नाही आणि विणकरांना भांडवल मिळते. आजच्या स्वयंसेवी सॉफ्टवेअरमध्ये हीच रचना, पूर्वसुरींची माहिती नसताना, पुन्हा उभी राहिलेली दिसते: १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या संगणक प्रणालीच्या प्रकल्पाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्वच नाही, आणि त्याचा निधी व मालमत्ता मुख्यतः ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही १९९७ मध्ये स्थापन झालेली संस्था सांभाळते. ती या प्रकल्पाची कप्पियकारक आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. उषवदाताचा लेख म्हणजे त्याची जाहिरातच नव्हे काय? त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात त्याने तीन लाख गाई दिल्याचे सांगितले आहे, घाट आणि धर्मशाळा बांधल्याचे सांगितले आहे आणि मध्येच आपल्या एका लष्करी मोहिमेचाही उल्लेख केला आहे. एवढा मजकूर निव्वळ विनयापोटी कोणी कोरत नाही. तरीही त्या लेखाचा आणि जाहिरातीचा व्यवहार वेगळा आहे. लेख झालेल्या दानाची नोंद करतो, वाचणाऱ्याकडे काही मागत नाही, आणि किती यात्रेकरूंनी तो वाचला यावर भिक्षूंचे चीवर अवलंबून राहत नाही. जाहिरातीत, विशेषतः आंतरजालावरील जाहिरातीत, मिळणारी रक्कम पाहणारा काय करतो यावरून ठरते: त्याने पान उघडले, बटण दाबले, काही उतरवून घेतले किंवा विकत घेतले तर पैसा. अशा व्यवहारात देणारा जाहिरातदार, घेणारा प्रकल्प आणि विकला जाणारा माल म्हणजे पानावर आलेल्या माणसाचे लक्ष. हे लक्ष प्रकल्पाच्या मालकीचे कधी झाले, हा खरा प्रश्न आहे.

पान प्रकल्पाचे आहे, तेव्हा त्यावर काय लावायचे ते प्रकल्प ठरवील, हे उत्तर पुरेसे नाही. त्या पानावर येणारा माणूस कोपऱ्यातले चित्र पाहायला येत नाही. हे सॉफ्टवेअर आपल्याला फसवणार नाही या भरवशावर तो येतो, आणि तो भरवसा आज्ञावली लिहिणाऱ्यांनी, दोष कळवणाऱ्यांनी, मदतीची पाने लिहिणाऱ्यांनी आणि मराठीसह अनेक भाषांत मेनूतील शब्द बसवणाऱ्यांनी मिळून निर्माण केलेला असतो. त्यांतील बहुतेकांना विक्रीबद्दल कोणी विचारलेले नसते. वर्तमानपत्रही वाचकाचे लक्ष विकतेच, असे यावर म्हणता येईल; पण तेथे सौदा उघड असतो, जाहिरातींमुळे अंक स्वस्त पडतो हे वाचकाला ठाऊक असते. स्वयंसेवी प्रकल्पाने मात्र आधीच सांगितलेले असते की हे दिले आहे, परतफेड नको. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. इथे परतफेड एका तिसऱ्याकडून घेतली जाते आणि तिची वसुली तो तिसरा पुन्हा दान घेणाऱ्याकडूनच करतो, त्यामुळे ती डोळ्यांआड राहते एवढेच. स्वयंसेवक निष्कामच असावा असा येथे आग्रह नाही. कीर्ती, शिकण्याची संधी, पुढे मिळू शकणारी नोकरी यांच्या अपेक्षेने काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात काही गैर नाही, कारण त्या अपेक्षांची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागत नाही.

ही किंमत प्रत्यक्षात कशी मोजावी लागते, हे ‘गिंप’ या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसते. विंडोज वापरणाऱ्यांसाठीची त्याची प्रत अनेक वर्षे ‘सोर्सफोर्ज’ या स्थळावरून वाटली जात होती. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या स्थळाने असंख्य स्वयंसेवी प्रकल्पांना फुकट जागा दिली होती, आणि त्याचे उत्पन्न जाहिरातींचे होते. हळूहळू त्या पानांवर अशा जाहिराती दिसू लागल्या ज्यांत केवळ ‘डाउनलोड’ असे लिहिलेले ठळक बटण असे. खरे बटण त्यांच्या शेजारी लहानसे. सरावलेला माणूस ओळखून पुढे जाई. पण ज्याने चित्र कापायला म्हणून पहिल्यांदाच असे काही शोधले होते, तो नेमका खोट्या बटणावर बोट ठेवी आणि भलतेच काही आपल्या संगणकावर उतरवून घेई. त्यात भर म्हणून मूळ सॉफ्टवेअरबरोबर इतर कंपन्यांची सॉफ्टवेअरे पुढे करणारा इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर संगणकावर बसवून देणारी संचिका, त्या स्थळाने सुरू केला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये गिंपने ही दोन्ही कारणे देऊन ते स्थळ सोडले. २०१५ मध्ये असे उघड झाले की मागे राहिलेले खाते ‘सोडून दिलेले’ समजून स्थळाने स्वतःच्या ताब्यात घेतले होते आणि तेथून जाहिरातींचा इन्स्टॉलर गिंपच्या नावाने वाटला जात होता. गदारोळानंतर ते थांबले, आणि २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर ती योजनाच बंद झाली. या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जाहिरातीच्या उत्पन्नाने सर्वांत आधी गाठले ते अजाण माणसाला. ज्याच्यासाठी फुकट सॉफ्टवेअरचे सर्वाधिक मोल होते, तोच सर्वांत चांगला माल ठरला. ‘व्हीएलसी’ या चित्रफिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त केंप यांनी अशा जोड-सॉफ्टवेअरांचे कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव नाकारल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, आणि गिंपचा अनुभव पाहता तो नकार भाबडा म्हणता येत नाही.

नकार देणे मात्र सर्वांना परवडत नाही, आणि नकाराचे गुणगान करणारे बहुधा पगारी असतात, हेही नमूद करायला हवे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये सापडला, तेव्हा जगातील संकेतस्थळांच्या फार मोठ्या भागाची गुप्तता ज्यावर अवलंबून होती त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर एवढ्याच देणग्या मिळत होत्या असे समोर आले. जाहिरातींचा पुरस्कार करणाऱ्यांचे हे सर्वांत बळकट उदाहरण आहे, पण तेच त्यांच्या विरुद्ध जाते. ओपनएसएसएल इतर सॉफ्टवेअरच्या पोटात काम करते. सामान्य वापरकर्ता त्याच्या पानावर कधी फिरकत नाही, मग तेथे जाहिरात कोण पाहणार? जाहिरात गरजेला पैसा देत नाही, दृश्यतेला देते. ज्यांच्याकडे गर्दी आहे त्यांना ती आणखी देते आणि पायाचे दगड झालेल्यांना उपाशीच ठेवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टँडर्ड’ या जावास्क्रिप्ट भाषेसाठीच्या साधनाने, नेमकी हीच अडचण ओळखून, बसवताना विकसकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या तांत्रिक संदेशांमध्येच जाहिरात छापून पाहिली. विकसकांच्या संतापापुढे तो प्रयोग काही दिवसांतच गुंडाळावा लागला. अदृश्य असलेल्याने दिसण्याचा प्रयत्न केला तर दुसऱ्याच्या कामात घुसण्यावाचून मार्ग उरत नाही, हे त्यातून दिसले.

जाहिरातीचा एक सौम्य प्रकारही आहे. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका ठेवणाऱ्या ‘रीड द डॉक्स’ या स्थळाने वाचणाऱ्याचा माग न काढणारी, पानाच्या विषयाशी जुळणारी, स्थिर जाहिरात एवढीच मर्यादा स्वतःवर घालून घेतली. हे शिलालेखाच्या जवळ जाणारे आहे आणि त्याला सरसकट दोष देता येणार नाही. डाउनलोडच्या पानावर मात्र तेही नसावे, कारण तेथे माणूस वाचत नसतो, भरवसा ठेवत असतो. निवडक जाहिराती घेण्यातही एक मेख आहे, जी गांधींनी ‘इंडियन ओपिनियन’ या पत्राच्या संदर्भात ओळखली होती. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी त्या पत्रातील जाहिराती बंद करण्याचे एक कारण असे दिले आहे की नको असलेली जाहिरात नाकारावीशी वाटली तरी जाहिरातदार समाजातला पुढारी असला तर नकार देणे अवघड होई. म्हणजेच निवड करणारा निवडीच्या वेळी मोकळा राहत नाही.

हा मिंधेपणा मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर फायरफॉक्स या ब्राउझरकडे पाहावे. १६ डिसेंबर २००४ रोजी त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानांची जाहिरात दिली आणि तीत सुमारे १०,००० वर्गणीदारांची नावे बारीक अक्षरांत छापली. लेण्यांतील दात्यांच्या नावांशी नाते सांगणारीच ती गोष्ट होती. परंतु त्यानंतरच्या बहुतेक काळात फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाचे उत्पन्न मुख्यतः गूगलला ब्राउझरमधील ठरलेले शोधयंत्र करण्याच्या मोबदल्यातून येत राहिले, आणि गूगलकडे तो पैसा जाहिरातींतून येतो. अमेरिकेच्या न्यायालयाने २०२४ मध्ये शोधाच्या बाजारातील गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवल्यावर, असे मोबदले बंद केले तर फायरफॉक्सचे अस्तित्व धोक्यात येईल अशी साक्ष मोझिलाच्या अधिकाऱ्याला २०२५ मध्ये द्यावी लागली. मक्तेदारीला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या प्रकल्पाला मक्तेदाराचा पैसा वाचवण्यासाठी न्यायालयात जावे लागले. यात कोणाचा लोभ नव्हता, प्रत्येक करार त्या त्या वेळी समंजसच होता.

मग हा निर्णय घ्यावा कोणी? डेबियनसारख्या प्रकल्पात विकसक मतदान करतात, काही ठिकाणी संचालक मंडळ ठरवते, लहान प्रकल्पात एकच माणूस. ज्याचे लक्ष विकले जायचे तो वापरकर्ता यांपैकी कोणत्याही सभेत नसतो. त्याची गणती नसते, पत्ता नसतो, आणि बहुतेकदा अशी सभा भरते हेही त्याला माहीत नसते. डेबियनने १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ या नावाने जे वचनपत्र स्वीकारले त्यात वापरकर्त्यांचे हित अग्रभागी ठेवण्याचे कबूल केले आहे. करार म्हटला तरी त्यावर वापरकर्त्याची सही नाही, आणि ती घेण्याची काही सोयही नाही.