मुलीची शाळा निवडताना



नाताळचे दिवस सरले की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे लहानग्यांचा शाळाप्रवेश. माध्यम कोणते, फी किती, बस दारापर्यंत येते का? या निमित्ताने आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण ती कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आमच्या मोठ्या मुलाला आम्ही इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळेत घातले. फी झेपणारी नव्हती, म्हणून पतपेढीचे कर्ज काढले. धाकट्या मुलीची वेळ आली तेव्हा मात्र निर्णयाला पाच मिनिटेही लागली नाहीत. जवळच सिस्टरांची मुलींची छोटी प्राथमिक शाळा आहे. चौथीपर्यंतचे वर्ग, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. "मुलीवर चांगले संस्कार होतील," असे आम्ही सगळ्यांना सांगितले. माझ्या आईलाही ते पटले.

प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टरांनी विचारले, "हीच शाळा का निवडलीत?" मी म्हणालो, "संस्कारांसाठी, सिस्टर." त्या म्हणाल्या, "छान. मुलासाठीही अशीच शाळा शोधली होती का?"

मला उत्तर देता आले नाही. सिस्टरांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या पुढचा अर्ज भरू लागल्या. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. संस्कार हे कारण खरे होते, पण ते पूर्ण सत्य नव्हते. फी कमी होती. शिवाय 'मुलगी काय, उद्या परघरी जाणार' हा जुना हिशेबही मनाच्या तळाशी होता. मुलावर पैसा आणि मुलीवर संस्कार, अशी वाटणी आम्ही करून टाकली होती आणि तिला श्रद्धेचे नाव दिले होते.

मग ती निवड चुकली का? नाही. शाळा योग्य होती, आमचे कारण अपुरे होते. मुलींना धाकात ठेवण्यासाठी अशा शाळा निघाल्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये १५८५ साली जन्मलेल्या मेरी वॉर्ड यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या देशात कॅथलिकांवर बंदी होती, म्हणून त्यांनी युरोपात मुलींसाठी शाळा काढल्या. मठाच्या भिंतीआड न राहता धर्मभगिनींनी मुलींना शिकवावे, हा त्यांचा आग्रह त्या काळी ख्रिस्तसभेलाच मानवला नाही. १६३१ साली त्यांची संस्था बरखास्त झाली, त्यांना कैदही झाली. पण काम थांबले नाही. त्यांच्याच परंपरेतील लोरेटोच्या सिस्टर १८४१ साली कोलकात्याला आल्या आणि मदर तेरेसांनी तिथल्याच लोरेटोच्या शाळेत अनेक वर्षे शिकवले. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मेरी वॉर्ड यांना 'आदरणीय' घोषित केले.

आमच्या मुलीच्या शाळेत मैदान लहान आहे, संगणकही थोडेच. पण डबा न आणलेली मुलगी बाईंच्या लगेच लक्षात येते. घंटा देण्यापासून प्रार्थना सांगण्यापर्यंत सगळे मुलीच करतात, त्यामुळे लाजऱ्या मुलीचीही पाळी येते. ख्रिस्ती मुली धर्मशिक्षणाला बसतात तेव्हा इतरांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. पालकांच्या संमतीशिवाय कुणाच्या मुलाला धर्मशिक्षणाला बसवू नये, हे आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमातही आहे. त्यामुळे आमच्या मुलीला हिंदू, मुस्लिम मैत्रिणी मिळाल्या आणि विश्वासाचे धडेही.

तरीही सगळे शाळेवर सोपवता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक म्हटले आहे. शाळा निवडण्याचे स्वातंत्र्यही त्यांनाच दिले आहे. सिस्टर हेच साध्या शब्दांत सांगतात, "मुलगी पाच तास आमच्याकडे, एकोणीस तास तुमच्याकडे."

आम्ही दोन गोष्टी केल्या. मुलाच्या फीएवढी होत नाही, पण जमेल तेवढी रक्कम दरमहा मुलीच्या पुढील शिक्षणासाठी बाजूला टाकतो. आणि संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेला मुलगाही बसतो, जेवणानंतर ताटेही उचलतो. सुरुवातीला कुरकुर केली, आता करत नाही.

बेथानीच्या घरी मरिया प्रभूच्या चरणांशी शिकायला बसली, तेव्हा तिला उठवून कामाला लावावे असे मार्थेला वाटले. प्रभूने तिला उठवू दिले नाही. शाळेचा अर्ज भरताना आपण स्वतःला एवढेच विचारावे : जे मुलीसाठी चांगले म्हणतो, ते मुलासाठीही मागतो का? आणि मुलासाठी जे कर्ज काढतो, ते मुलीसाठीही काढू का?