विद्यार्थी, हापसा आणि मागण्याची लाज

अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलें संशोधनासाठीं खेड्यांत येतात. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें ग्रामीण तंत्रविद्येचें केंद्र १९८५ पासून आहे, व तेथील विद्यार्थी पाणीपुरवठ्याची पाहणी करितात. काम उत्तम खरें. परंतु विद्यार्थ्यास पदवी मिळते, आणि आपलें काम टाकून त्याच्या प्रश्नांस उत्तरें देणाऱ्या बाईस काय मिळतें? भलें करावयास आलेला मनुष्यही ऋणी होतो कीं काय?

हापशाचीच कथा पाहा. १९६७ च्या सुमारास दुष्काळी मुलुखांत यंत्रानें बोअर पाडण्याचें काम सुरू झालें. त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे हापसे मूळचे परदेशांतील एकेका कुटुंबासाठीं योजिलेले. येथें त्यांवर सबंध गांव पाणी भरी. १९७४ च्या पाहणींत चारांपैकीं सुमारें तीन बंद आढळले. तेव्हां जालन्याच्या मिशनांतील लोकांनीं मोडके हापसे पाहून पोलादाचा, एकाच सांध्यावर दांडा फिरणारा हापसा केला होता, तोच धडा उपयोगी पडला. सोलापुरांत तो सुधारला व त्या वळणावर पुढें ‘इंडिया मार्क दोन’ निघाला. तरी उणें राहिलेंच! चामड्याचा वायसर बदलावयास सगळे नळ उपसावे लागत. तालुक्याची गाडी येईपर्यंत गांव ताटकळत बसे.

तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मजजवळ बोलला तें याच जातीचें आहे. त्यानें प्रत्येक विहिरीची खोली टिपली. बायांनीं सांगितलें कीं जवळच्या हापशाचा दांडा पोरींना ओढवत नाहीं, म्हणून त्या लांब जातात. त्याच्या छापील प्रश्नपत्रकांत हें लिहावयास रकानाच नव्हता. त्यानें तें समासांत लिहिलें, आणि त्याच्या मतें सगळ्या वहींत तेवढेंच मोलाचें होतें.

योहानाच्या ४ थ्या अध्यायांत प्रभु शोमरोनी स्त्रीजवळ प्रथम पाणी मागतो. देणारा तो, पण पाणी काढण्याचें साधन तिच्या हातीं, आणि त्यास मागण्याची लाज वाटली नाहीं. मागून घेतलेल्याचें देणें लागतें, आणि माहिती मागून नेली तरी तें चुकत नाहीं, असें मला वाटतें. उपदेशक बंधूंनो, असा विद्यार्थी आपल्या मंडळींत आला तर त्यास घोंगडीवर बसवा, मोकळेपणानें सांगा, आणि जातांना विचारा, “बाळा, यांतलें आम्हांस काय वाचून दाखविशील?”

त्या मुलास गुण केव्हांच मिळाले आहेत. पुन्हां जाण्यास कोणी सांगितलेलें नाहीं, व नोकरीच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. दिवाळीच्या सुटींत जाईन म्हणतो. अहवाल इंग्रजींत आहे. तो मराठींत उतरण्याचें काम अद्याप व्हावयाचें आहे.