ज्याचे त्याला

बी.कॉम.ला मी येणे आणि देणे एवढेच शिकलो. दानाचा पेपर आम्हाला नव्हता. तरीही मध्यंतरी एक दिवस मी स्वतःला चक्क दानशूर समजून बसलो.

झालं असं, की त्या संध्याकाळी माझी कॅश पाचशे रुपयांनी जादा भरली. कॅश कमी भरली तर खिशाला चाट बसते, जादा भरली तर झोपेला. आठवता आठवता ध्यानात आलं, की सकाळच्या पेन्शनवाल्या आजींना एक नोट कमी गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांची सही घेतली, आजींना बोलावून नोट दिली आणि आशीर्वादासाठी मान किंचित पुढे केली.

आजी म्हणाल्या, "अरे देवा! रात्रभर सुनेला बोल लावला हो मी!"

शेजारच्या काउंटरवर आमचे वसईचे ख्रिस्ती सहकारी बसतात. ते हळूच म्हणाले, "कर्णराजे, मान सरळ करा. तिचंच तिला दिलंत. याला आमच्यात दया म्हणत नाहीत, न्याय म्हणतात."

चहाला त्यांनी तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस काढले. शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम हे ख्रिस्ती परंपरेतले चार मुख्य नैतिक सद्गुण. त्यातला न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची कायमची इच्छा. कायमची! ऑडिटच्या आठवड्यापुरती नव्हे. दुसऱ्याचे असेल ते परत करा. मालक वारला असेल तर वारसांना द्या. शोधूनही सापडला नाही तर गोरगरिबांना. हा संत आमच्या शाखेत असता तर वारसांच्या दाव्यांचं टेबल त्यालाच मिळालं असतं!

आणि लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय तर जवळजवळ आमच्याच धंद्यातला. यरीहोचा मुख्य जकातदार, पैशाने मोठा, उंचीने छोटा. येशूला पाहायला झाडावर चढला, तर येशू त्याच्याच घरी उतरला. तेव्हा जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट फेडतो. मोशेच्या नियमशास्त्रात गुन्हा कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलं आहे. पण मला चौपटीपेक्षा त्याचं हिशेब लिहिणं आवडलं. नोंदी दोन, खाती दोन! दान वेगळं, देणं वेगळं. आपण कामवालीचे खाडे कापतो आणि देवळात अन्नदानाची पावती फाडतो. वर वाटतं, हिशेब जुळला.

"थॉमस आणखी एक सांगतात," सहकारी कप ठेवत म्हणाले, "कुणाचं नाव विनाकारण खराब झालं असेल, तर तेही परत करावं लागतं."

चहा घशातच अडकला. आजींचं खातं मिटलं होतं. सुनेचं?

संध्याकाळी पत्ता काढून गेलो. दारातच म्हणालो, "ताई, चूक माझी होती. सासूबाईंसमोर सांगायला आलोय."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काल रात्री आला असतात तर बरं झालं असतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेलेली रात्र कुठल्या खात्यातून फेडायची?

तिने चहा मात्र दिला. तो माझा हक्क नव्हता. ते दान.