निळी रेषा, तांबडी रेषा

नदीच्या नकाशावर सरकार दोन रेषा मारतं. एक निळी, एक तांबडी. निळं म्हटलं की आपली छाती भरून येते, पण ही निळी रेषा आपल्या झेंड्यातली नव्हे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथं ती मारायची. तिच्या आतलं ते निषिद्ध क्षेत्र. तिथं मैदान चालेल, बाग चालेल, माणसाचं घर चालणार नाही. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा तांबडी. दोहोंमधलं नियंत्रित क्षेत्र, म्हणजे बांधा, पण अटी पाळून.

निषिद्ध हा शब्द आपल्या बापजाद्यांनी शाळेत न जाता पाठ केलेला आहे. पाणवठा निषिद्ध, देऊळ निषिद्ध. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते हा शब्द पुसायला. तेव्हा अशी रेषा दिसली की आपला हात आपोआप खोडरबराकडं जातो. तो हात जरा थांबवून विचार करावा म्हणून हे लिहितोय. कारण महाडच्या पाण्याभोवतीची रेषा मनूनं मारली होती. ही रेषा पाणी मारतं.

मी साच्यावर काम करणारा, इंजिनियर नव्हे, पण हिशेब येतो. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे तो एकदा येऊन गेला की चोवीस वर्षं झोपा, असं नाही. दर पावसाळ्यात शंभरातले चार वाटे त्याचे. तीस वर्षं त्याच खोलीत काढली तर निदान एकदा पाणी घरात शिरण्याची शक्यता शंभरात सत्तर होते. तीस वर्षं म्हणजे काय? एका बाईचं लग्न होऊन सून घरात येईपर्यंतचा काळ. तेव्हा रेषा थोतांड नाही. ‘झोपडीला हात लावू देणार नाही’ म्हणून जो पुढारी नदीकाठी माईकवर ओरडतो, तो आपल्याला मतदारयादीत ठेवतो आणि पाण्यातही ठेवतो. त्याचं घर कुठं आहे ते एकदा विचारा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. शहर एक, महापालिका एक. विहार आणि पवई भरून वाहिले, वर समुद्राला भरती, आणि मिठी मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना सगळीकडं घराघरांत शिरली. त्यानंतर लोकांना कळलं की ही नदी आहे. तोवर ती नालाच होती. नाला म्हटलं की तिच्यात काहीही टाकता येतं, तिच्या काठी कुणालाही टाकता येतं. नाव हलकं ठेवलं की वागणूकही हलकी ठेवायला मोकळीक. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग चितळे समिती बसली, मिठीसाठी प्राधिकरण झालं, रुंदीकरण झालं, भिंती उठल्या. आणि अतिक्रमण हा शब्द आला. अतिक्रमण कुणाचं? क्रांतीनगरच्या पत्र्याच्या खोलीचं. बरोबर आहे, ती खोली नदीत आहे. पण विमानतळाच्या धावपट्टीखालनं नदी गेलीय, तिला काटकोनात वळवलंय. १९७७ पासून खाडीच्या मुखाशी पाणथळ जागेवर वांद्रे-कुर्ला संकुल वसवलं, ३७० हेक्टर. भरतीचं पाणी जिथं पसरायचं तिथं आता काचेच्या इमारती. त्याला नियोजन म्हणायचं. भराव दोघांनी घातला. एकानं घमेल्यानं, एकानं डंपरनं. घमेलंवाल्याला नोटीस, डंपरवाल्याला परवाना. पाण्याला विचारा, तुझी जागा कुणी जास्त खाल्ली? पाणी हेक्टरमध्ये उत्तर देईल.

गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर, उताराच्या अंगाला, गावाचं सांडपाणी जिकडं वाहत येतं तिकडं. मुंबईत जात कुणी विचारत नाही म्हणून बाप इथं आला. जात नाही विचारली, पागडी विचारली. पागडी नव्हती म्हणून उतारच मिळाला. इथं फक्त आपणच नाही, उत्तरेतला मुसलमान आहे, तमिळ आहे, आपल्याच गावचा भूमिहीन मराठा आहे. कुणीही नकाशा बघून तिथं गेलेला नाही. कोरड्या जागेचा भाव बघून गेलाय.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. ‘इथं राहू नको, मरशील,’ असं सांगण्याचा अधिकार कुणाला? माझ्या मते, जो पुढच्या वाक्यात ‘इथं ये’ म्हणू शकतो त्याला. पहिलं वाक्य एकट्यानं उच्चारलं तर तो सल्ला नाही, हाकलणं आहे. आणि दुसरं वाक्यही तपासून घ्यावं लागतं. तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना ‘या’ म्हणून माहुलला नेलं, रिफायनऱ्यांच्या शेजारी. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथं राहायची सक्ती करता येणार नाही. पुरातून काढून धुरात.

आणि दया! फुटपाथवाल्यांच्या खटल्यात १९८५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. झोपड्या काढता येतील, पण पावसाळा सरल्यावर, ३१ ऑक्टोबरनंतर. पावसाळ्यात राहती झोपडी पाडू नये, ही रीत आजही चालते. फुटपाथवर ही दया खरी. पण नदीकाठी तिचा अर्थ काय होतो बघा. नदी ज्या चार महिन्यांत जीव घेते, नेमके तेच चार महिने आम्हाला तिथं राहायची मुभा. पाणी ओसरलं, धोका टळला, की बुलडोझर येतो. दोन्ही नियम माणसाच्या भल्यासाठीच लिहिलेत, आणि दोन्ही एकत्र पाळले तर माणूस बरोबर पुरात सापडतो.

रेषा मारा. पण मोजणीची साखळी आधी संकुलापासून, धावपट्टीपासून धरा आणि मग वर क्रांतीनगरकडं या. आणि मोजायला येणाऱ्यानं येताना कोरड्या खोलीची चावी बरोबर आणावी, त्याच वॉर्डातली, मे महिन्याच्या आत.