पहारेकरी कुणाचा?

दिवाळीचे पोस्त घ्यायला गल्लीतला पहारेकरी दाराशी आला, की मनात येते, हा माणूस कुणाचा? पैसे देणाऱ्याचा, की हुकूम करणाऱ्याचा?

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने सेंट लुईस शहराचे पोलीस १८६१ साली आपल्या ताब्यात घेतले. २०१२ च्या मतदानानंतर, २०१३ साली, ते शहराला परत मिळाले. २०२५ च्या कायद्याने पुन्हा गेले. आता मंडळात बहुतेक सभासद राज्यपालाने नेमलेले, आणि खर्च मात्र शहराच्या तिजोरीतून. गुन्हे आवरायला हे हवेच होते, असे राज्यकर्ते म्हणतात.

पैसे देणाऱ्याचाच पहारेकरी म्हणावे, तर गरिबाचे दार कुणी राखायचे? मला वाटते, रात्री ज्याच्या दारावर पोलिसाची थाप पडते, त्याला सकाळी जाब विचारता आला पाहिजे. पहारेकरी खरा त्याचा.